लिंबापासून पायरीपर्यंत

मेहरूणच्या त्या कॉलेजात मैदान एक आणि संघ तीन. सकाळची सहा ते आठ ही वेळ ज्याला मिळेल त्याची चंगळ. बाकीच्यांनी दुपारच्या उन्हात तळून निघायचं. आणि जळगावचं ऊन काय चीज आहे, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

"मैदान फुटबॉललाच पाहिजे. आमची पोरं वाऱ्यासारखी पळतात," जगदीशसर म्हणाले.

"आणि खो मिळाल्यावर आमची पुनम? ती दिसते तरी का?" खो-खोच्या हेमलताबाई फणकारल्या.

"अंगावर चौघं लोंबकळत असताना पळा म्हणावं!" कबड्डीचे सुकलालसर गरजले.

प्राचार्य धनसिंगनानांचं डोकं उठलं. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "त्या कडुलिंबापासून माझ्या ऑफिसच्या पायरीपर्यंत तीस मीटर. जो पायरीला पहिला हात लावील, सकाळचं मैदान वर्षभर त्याचं! मग सगळ्यांना भरीत."

खान्देशात भरिताशिवाय कुठलाच कार्यक्रम उरकत नाही. शनिवारी सकाळी कँटीनच्या कुंदाबाईंनी लिंबाखाली कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजायला घेतली. जागा नानांनीच दाखवली होती. पण वर कोणी बघितलंच नाही!

नाना घड्याळ घेऊन पायरीवर बसले, पण शर्यत सुरू होईना. पुनम उकिडवी बसली. "आम्ही खेळात बसूनच उठतो," म्हणाली. कबड्डीच्या भूषणने दम धरून "कबड्डी, कबड्डी" लावलं.

"अरे, पायाने पळ, तोंडाने नको!" जगदीशसर ओरडले. वाद अर्धा तास चालला. तोवर वांगी भाजून, ठेचून, फोडणी देऊन झाली आणि धूर लिंबाच्या शेंड्याला पोचला. तिथे मधमाश्यांचं पोळं होतं.

"माशा उठन्यात! पया रे, पया!" कुंदाबाई किंचाळल्या.

नानांनी सवयीने घड्याळ दाबलं. समोरून काहीतरी हिरवं सुसाट आलं. पायरीवर परात आदळली, मागोमाग एक हात आदळला. बऱ्याच वेळाने भूषण आला, मग पुनम, मग फुटबॉलची पोरं आणि सगळ्यांत शेवटी हातात एकच बूट घेतलेले जगदीशसर.

सगळ्यांनी आत घुसून ऑफिसचं दार लावून घेतलं. नाकावर माशी चावलेले नाना आ वासून घड्याळाकडे बघत राहिले. अरे देवा! हिरव्या लुगड्यातल्या, पंचावन्न वर्षांच्या कुंदाबाई! डोक्यावर भरताची परात घेऊन!

"सांडलं नही नाना, बठ्ठं भरीत परातमा शे," कुंदाबाई पदर सावरत म्हणाल्या. "मंग, मैदान मन्हंच ना?"

"तुम्ही काय खेळणार?" सुकलालसरांनी विचारलं.

"खेळसू कसाले? बिबड्या वाळत घालसू."

शब्द नानांचा होता आणि ऐकायला अख्खं कॉलेज होतं. सोमवारी सहा वाजता मैदानभर जुनी लुगडी पसरली, त्यांवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या. कावळे हाकायला कुंदाबाईंनी एकेका संघाला एकेक कोपरा नेमून दिला. सरावाची सकाळची वेळ अशी तिघांनाही मिळाली.

आठवड्याने कुंदाबाईंनी बिबड्या गोळा करायला घेतल्या. फुटबॉलच्या कोपऱ्यातल्या निम्म्या बिबड्या कावळ्यांनी नेल्या होत्या.

"सर, तुम्हना पोरे ढिल्ला शेत," त्या म्हणाल्या.

जगदीशसरांचा चेहरा पडला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते जवळ सरकले.

"अक्का, ते पहिलं पाऊल कसं टाकता, तेवढं पोरांना दाखवाल?"

"दाखाडसू," कोपऱ्यात उतरलेल्या कावळ्याकडे बोट दाखवत कुंदाबाई म्हणाल्या. "पहिले तो कावळा हाका."