बिराजदार सरांचा रिपीटर

बिराजदार सरांना "चहा घेणार का?" असं विचारून चालत नाही. चार पर्याय द्यावे लागतात. साखरेचा, बिनसाखरेचा, अर्धा कप आणि यांपैकी नाही. मग सर डोळे मिटतात, एकेक पर्याय बोटावर बाद करतात आणि शेवटी म्हणतात, "दोन नंबर." तोवर माझं दूध उतू गेलेलं असतं. मी घाई केली की त्यांचं पालुपद ठरलेलं: "दमानं मॅडम, दमानं. निगेटिव्ह मार्किंग हाय."

सर माझे शेजारी. लातुरात त्यांचा फिजिक्सचा क्लास आहे. क्लास कसला, तीन मजली इमारत आहे, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर टॉपर मुलांचे चेहरे इतक्या दाटीनं लावलेत की खिडक्या बुजल्या आहेत. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. लातुरात मराठी शिकवणं म्हणजे पंगतीत मीठ-लिंबू वाढणं. नको कुणी म्हणत नाही, पण त्यासाठी कुणी आलेलंही नसतं. सर मला दर वर्षी न चुकता विचारतात, "काय मॅडम, अजून शिकवूनच राहिलात का मराठी? वेटेज काय हाय तिला?"

एवढ्या इमारतीचा हा मालक झोपतो मात्र बंगल्याच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. सर मूळचे औसा तालुक्यातले. भूकंपात त्यांचं घर गेलं, घरातली माणसंही गेली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची, तिथे सर शिकवू लागले आणि तिथेच त्यांच्या शिकवण्या सुरू झाल्या. तेव्हापासून स्लॅबखाली त्यांना झोप येत नाही. स्लॅबखाली शेकडो पोरं आणि पत्र्याखाली सर, अशी त्यांनी वाटणी केलेली आहे. एखादी आई काकुळतीला येऊन म्हणाली, "सर, पोरगं थकलंय, थोडं सांभाळून घ्या," की सर आढ्याकडे बोट दाखवतात. "भूकंपानं आम्हाला विचारलं होतं का ताई, थकलास का म्हणून?" ती बाई पदर सावरते आणि फी भरून जाते.

सरांचा खरा राग रिपीटरांवर. रिपीटर म्हणजे एकदा परीक्षा देऊन हवे तेवढे मार्क न पडलेला आणि पुन्हा वर्षभर तेच दळण दळणारा. त्यांची बॅच सरांकडे आहे, तिच्यावर बंगला उभा आहे, पण तिचं नाव घेताना सर तोंड असं करतात की जणू कढीत केस निघाला.

आणि या माणसाच्या कुत्र्याचं नाव रिपीटर.

ते कुत्रं आपण होऊन आलं. एका सकाळी शेडमध्ये सरांच्या खाटेखाली येऊन झोपलं. सरांनी ते गाडीत घालून औशाच्या रस्त्याला सोडलं, ते परत आलं. लातूरजवळच्या मुरुडला सोडलं, तिथूनही परत आलं, पाय रक्ताळून. "रिपीटर हाय साला," सर म्हणाले, आणि नाव पडलं ते पडलं. पुढे सर त्याला मटणाची हाडं घालताना दिसू लागले. मी बघतेय असं दिसलं की म्हणायचे, "वायाच जाऊन राहिली होती, म्हणून."

मागच्या उन्हाळ्यात रिपीटर पुढच्या डाव्या पायानं लंगडू लागला. सरांचं निदान तयार होतं. "नाटक हाय. टेस्टच्या दिवशी समदेच लंगडतात." पण खांद्याखाली गाठ आली, ती वाढली, आणि एके दिवशी कुत्रं पायाला हात लावू देईना, तेव्हा सरांनी गाडी काढली. मागच्या सीटवर त्याला धरून बसायला कुणीतरी हवं होतं. सरांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची कंबर धरलेली, म्हणून मी.

डॉक्टर गजभारे मूळचे मुखेडचे. तरुण माणूस, हाताला हलका. कुत्र्याचा एक्स-रे काढता काढता म्हणाले, "सर, ओळखलं न्हाई का? तुमच्याच क्लासचा हाय मी. तुम्ही मला शेवटच्या बाकावर उभं करून बॅचला सांगितलं होतं, 'हे बघा, हे जनावरांचा डॉक्टर होणार.' झालो बघा."

ते हसत म्हणाले. सरही हसले, पण ते हसू पुढे सरकेना. टॉपरांच्या भिंतीवर गजभारे नाहीत, हे तिघांनाही ठाऊक होतं. सरांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि वर एसीकडे पाहिलं. एसी चालू होता.

गाठ हाडाच्या कॅन्सरची निघाली. पाय काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. सरांनी लगेच विचारलं, "पर्याय सांगा, पर्याय!" डॉक्टर म्हणाले, "पायाच्या बाबतीत पर्याय न्हाई सर. त्याला लई दुखून राहिलंय." एकच पर्याय असलेला प्रश्न सरांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आला. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे पोरगं बराबर सांगून राहिलं का?" मराठीला त्या दिवशी थोडं वेटेज आलं.

पाय काढला. रिपीटर घरी आला आणि सरांमधला फिजिक्सवाला जागा झाला. तीन पायांवर गुरुत्वमध्य कुठे पडतो, याची आकृती त्यांनी माझ्या ओट्यावर खडूनं काढून दाखवली. मग वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी गाडा करून आणला. गाडा इतका भक्कम की त्याला बैल जोडता आला असता. रिपीटरला त्यात बांधलं. आमच्या गल्लीला उतार आहे, हे आकृतीत धरायचं राहिलं होतं. गाडा सुटला. पुढे कुत्रं, मागे सर आणि सकाळची बॅच सुटलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना पोरं. गाडा चहाच्या टपरीला जाऊन धडकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या लेक्चरला एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर कुत्रं घसरायचं. सरांनी त्यावर गेल्या साली उतरवलेले टॉपरांचे फ्लेक्स अंथरले. त्यावरून ते जास्तच घसरलं. राज्यात नंबर आलेल्या एका मुलीच्या नाकावरून ते थेट दाराबाहेर गेलं, तेव्हा मी इतकी हसले की सर दोन दिवस माझ्याकडे चहाला आले नाहीत. शेवटी गजभाऱ्यांनी सांगितलं, "सर, गाडा-बिडा काही नको. गोणपाट टाका. तीन पायांवर त्याचं त्यो शिकतो. तुम्ही फक्त शिकवायला जाऊ नका." वहिनींनी गोणपाट टाकलं आणि कुत्रं आठवड्याभरात नीट चालू लागलं.

खरा प्रश्न पुढेच होता. डॉक्टर म्हणाले, सलाइनमधून केमो देता येईल. कदाचित काही महिने वाढतील. पण त्याला त्रास होईल, आणि म्हातारं कुत्रं आहे. नाही दिलं तर दुखण्यावर गोळ्या देऊ. जेवढं जगेल तेवढं आरामात जगेल.

सरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत, काही बाद केलं नाही. "केमो. विचारायचं काय त्यात? सोडून द्यायचं म्हंजे काय? क्रॅश कोर्स समजा. थोडं सोसलं की रिझल्ट."

पहिलं सलाइन दिलं. रिपीटर ओकला, खाईना, आणि सरांनी हाक मारली की नुसती शेपटी हलवून तोंड फिरवू लागला. सर त्याच्यासमोर मांडी घालून बसत आणि समजावत. "एक अटेम्प्ट अजून. एवढाच. मग सुट्टी." मी भिंतीपलीकडून ऐकायची. हे बोलणं मला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटायचं, आणि कुठे ते मला ठाऊक होतं.

सरांना एक मुलगा आहे, अभिषेक. तो माझ्याकडे मराठीला होता. निबंध छान लिहायचा, जेवणावर तर फारच छान. त्याला सरांनी डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवलं. पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा बसवलं, तेव्हा तो केंद्रावर गेलाच नाही, पुण्याच्या गाडीत बसला. आता तिथे एका बेकरीत पाव आणि केक करतो. सर लोकांना सांगतात, "किण्वनाच्या क्षेत्रात हाय." बापलेक बोलत नाहीत. तो आईला फोन करतो, आणि आई फोन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येते.

दुसऱ्या सलाइनच्या सकाळी सरांनी किल्ली हातात घेतली. तिचा आवाज झाला मात्र, रिपीटर तीन पायांवर उठला, शेडमध्ये गेला आणि सरांच्या खाटेखाली शिरून भिंतीला तोंड करून बसला. मी चादर घेऊन गाडीपाशी उभी होते. सरांनी हाक मारली. मग बिस्किट दाखवलं. मग रागावले. मग खाटेच्या लाकडावर बोटांनी ठकठक करू लागले. "चल ना बाबा. गजभारे वाट बघून राहिलाय. चल. एकच."

वहिनी दारात उभ्या होत्या. या बाईंनी माझ्यासमोर नवऱ्याला उलट उत्तर दिलेलं मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "अभी बी असाच बसायचा. भिताडाकडं तोंड करून. तुम्ही असंच दार वाजवत ऱ्हायचा."

सरांचा हात लाकडावर थांबला. ते तिथेच, खाटेजवळ, जमिनीवर बसले. मला वाटलं, आता भूकंप काढतील. काढला नाही. म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं का काही? तवा?"

"रोज सांगायचा," वहिनी म्हणाल्या.

मी या माणसाची आजवर पोटभर चेष्टा केली आहे, पुढेही करीन. पण त्या सकाळी मला त्याच्याकडे बघवेना. मी चादरीच्या घड्या घालत बसले.

सरांनी किल्ली खिळ्याला अडकवली. गजभाऱ्यांना फोन लावला. "डॉक्टर, आम्ही येऊन न्हाई राहिलो. गोळ्याच देऊ." ज्याला त्यांनी बाकावर उभं केलं होतं, त्याला सर त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, सर नुसते "हाव, हाव" करत होते.

मग ते उठले, शेडच्या माळ्यावर चढले आणि जुन्या प्रश्नसंचांच्या मागून काहीतरी ओढून काढलं. लाकडी पांगुळगाडा होता. तीन चाकांचा, लाल रंग उडालेला. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. अभिषेक पुण्याला गेला तेव्हा सरांनी त्याच्या वस्तू भंगारात दिल्या होत्या, अगदी टेबलसुद्धा. पांगुळगाडाही त्यातच गेला, असं त्या धरून चालल्या होत्या.

"ह्याला हलका पडंल," सर कुणाकडेही न बघता म्हणाले. "लोखंडी जड झाला होता." मग वहिनींपुढे हात केला. "फोन दे तुझा."

फोन लागला. पलीकडे अभिषेकनं "बोल आई" म्हटलेलं मलाही ऐकू आलं.

"आई न्हाई, मी बोलून राहिलो," सर म्हणाले. लातुरातल्या निम्म्या पोरांना ज्यानं प्रश्न कसा सोडवायचा ते शिकवलं, तो माणूस फोन कानाला धरून पांगुळगाड्याचं चाक बोटानं फिरवत राहिला. "तुझा पांगुळगाडा... कुत्र्याला घेऊ का? पाय काढलाय त्याचा. तुझा हाय, म्हणून इचारलं."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. सरांनी मान हलवली, जणू फोनमध्ये ती दिसते.

"कधी येशील?" सरांनी विचारलं, आणि सवयीनं बोटं उघडली. "शनवारी, रविवारी, दिवाळीला, का..." इथे ते थांबले. उघडलेली बोटं त्यांनी हळूच मिटली.

"कधीबी ये," ते म्हणाले. "मी घरीच असतो."

रिपीटरनं त्या पांगुळगाड्याला पाय लावला नाही. किल्लीचा आवाज परत येत नाही अशी खात्री झाल्यावर तो खाटेखालून बाहेर आला, गाडा हुंगला आणि त्याच्या दांडीवर हनुवटी टेकून झोपला. सरांनी त्याला उठवलं नाही.