उद्ध्वस्ततेचा दाखला

ज्याचं स्वतःचं आयुष्य मोडलेलं नाही, त्याला दुसऱ्याचं मोडलेलं कुलूप कळत नाही, हे तपासशास्त्राचं पहिलं तत्त्व आहे. (दुसरं अजून छापून यायचंय.)

निवृत्तीला टेकलेल्या पोलिसांवरच्या वास्तववादी कादंबऱ्या लोक इतक्या वाचू लागले, की घरात चोरी झाली तरी ठाण्यात येऊन आधी फौजदाराचे डोळे बघत. खाली काळी वर्तुळं नसली, की तक्रार न देताच परत. त्यामुळे वर्षभरात गुन्हे एकसष्ट टक्क्यांनी घटले. खात्यानं याची गंभीर दखल घेतली.

परिपत्रक निघालं. निवृत्त होणाऱ्यानं उद्ध्वस्ततेचा दाखला जोडावा. मिळेपर्यंत सेवेतच राहावं. आवश्यक बाबी: मोडलेलं घर, अबोला धरलेली मुलगी (नसल्यास भाची चालेल), खिडकीबाहेर शून्यात बघण्याची सवय आणि मनाला लागलेली एक न सुटलेली केस.

आमचे फौजदार यात सपशेल नापास झाले. एकतीस वर्षांचा संसार, तोही धडधाकट. मुलगी रोज फोन करायची, तोही काही काम नसताना. खिडकीबाहेर ते बघत, पण समोरच्या गॅरेजातलं मांजर पाहून हसत. तिथे गुण कापले गेले. केसेस तर सगळ्याच सुटलेल्या. निवृत्तीनंतर दुपारचा चहा रोज बायकोबरोबर घ्यायचा, एवढाच त्यांचा बेत होता. एकतीस वर्षांत तो जमला नव्हता.

"साहेब, तुमची फाइल फारच सुखी आहे," कारकून म्हणाला. "वर पाठवायला लाज वाटते."

घरी सांगितलं तर बायको हसली. "अहो, मग जाते की ताईकडे. कागदापुरतंच तर मोडायचंय."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही उद्ध्वस्त व्हा. मटार सोलून ठेवलेत."

मुलीला फोन न करण्याची ताकीद दिली. 'मी फोन करत नाहीये, ते बरोबर चाललंय ना?' हे विचारायला पहिल्याच दिवशी तिचे तीन फोन आले.

तपासणी समिती आली. (एक अधिकारी, एक ग्रंथपाल, दोन वाचक प्रतिनिधी.) मोरीत एकच कप पाहून अधिकाऱ्यानं समाधान व्यक्त केलं. वाचक प्रतिनिधींना मात्र दुःख वरवरचं वाटलं. "सहा महिने मुरू द्या," असा शेरा पडला.

मुरलं. ताईकडे बायकोनं शिवणाचा क्लास काढला, तो जोरात चालला. 'कधी येऊ?' हे ती आधी रोज विचारायची, मग आठवड्यानं, मग विचारायचं राहूनच गेलं. मुलीला फोन न करण्याची सवय लागली. फौजदारांना फार वाईट वाटलं. पुढच्या तपासणीत दुःखाला पैकीच्या पैकी गुण पडले.

उरली केस. 'घर कोणी मोडलं?' असा गुन्हा त्यांनी स्वतःच नोंदवला आणि जन्मभराच्या खोडीनं दोन दिवसांत सोडवलाही. समिती तर नुसती निरोप्या. सुखी फौजदार ज्यांना चालत नाही, ते वाचक तिच्यामागे उभे होते. पण केस सुटली तर दाखला रद्द. म्हणून आरोपीच्या रकान्यात त्यांनी 'अज्ञात इसम' लिहिलं, फाइल मिटली आणि निवृत्त होऊन एकटेच घरी गेले.

तेव्हा तुम्ही निर्धास्त असा. बायको निघून गेल्यावर गोष्टीत जरा जीव आला, असं तुम्हाला वाटलं. त्याचीही नोंद कुठे झालेली नाही.