धावजीची पेशी

धावजी राठोडने घरी सांगितलं होतं, "तहसीलीत कागदाचं काम हाय," आणि बायकोला, नंदाबाईला, घेऊन तो महागावच्या दवाखान्यात आला होता. खरं सांगितलं असतं, तर सुनेनं त्याचा गुळाचा चहा त्याच दिवशी बंद केला असता.

सलोनी डॉक्टरनी रिपोर्ट पाहिला. "काका, साखर वाढली आहे. आपण जेवलो की इन्सुलिन नावाचा निरोप्या अंगातल्या पेशींकडे जातो. एकेकीच्या दारावर थाप मारतो, 'साखर आली, आत घ्या.' तुमच्या पेशी ती थाप नीट ऐकत नाहीत. मग साखर रक्तातच फिरत राहते."

"पण तो थाप मारून राह्यला ना?"

"मारतोय. मारून मारून दमलाय बिचारा."

"कवापासून?"

"चार वर्षं तरी झाली असतील. आता गोळ्या घ्यायच्या आणि रोज सकाळी अर्धा तास चालायचं. चाललं की पेशींना निरोप लवकर कळतो."

धावजीला त्या निरोप्याची फार दया आली. बसस्टँडवर येताच, सगळं लपवायचं होतं हे विसरून, त्याने तांड्यावर मुलाला फोन लावला. नेमका शेजारच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"राजू, चार साल झाले, निरोप येऊन राह्यला अन् माह्या पेशीले पत्ताच नाही! असंच राह्यलं तं डोये जाते, किडनी जाते..."

राजकुमारला त्या गोंगाटात 'चार साल', 'पेशी' आणि 'जाते' एवढंच ऐकू आलं. मग फोन बंद पडला.

त्या भागात पेशी म्हटलं की कोणालाही आधी कोर्टाची तारीख आठवते. त्यात बाबा तहसीलीत गेलेले. आणि दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, बाभळीवरून चुलतकाका फुलचंदशी बोलणं बंद झाल्यालाही चारच वर्षं झालेली. राजकुमार तडक फुलचंदच्या अंगणात गेला.

"काका, केस टाकली तं टाकली, सांगाचं तं होतं! चार सालापासून बाबा पेशीले हजर नाही. आता वावर जाते म्हणते!"

फुलचंद सोयाबीन वाळत घालत होता. "म्या? म्या कायले केस टाकू बे? म्या तं कोर्ट पाह्यलं बी नाही!"

राजकुमार गेल्यावर मात्र फुलचंदच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. केस आपण टाकली नाही, म्हणजे धावजीनेच टाकली. म्हणजे चार वर्षं गैरहजर आपणच. आता पकडायचं वारंटही आपल्याच नावाचं निघालं असणार!

त्याच्या बायकोने, मानीबाईने, जेलमध्ये लागेल म्हणून चादर आणि चार भाकरी बांधून दिल्या. ते गाठोडं घेऊन फुलचंद फाट्यावर जाऊन उभा राहिला. धावजी एसटीतून उतरला, तसे त्याने पायच धरले.

"दादा, बाभूळ तुही! धुरा बी तुहा! फक्त पेशी मांगं घे!"

"पेशी मांगं कशी घेऊ? ते अंगात असते."

"अंगात?"

"साऱ्याइच्याच. तुह्या बी अंगात हाय. करोडोनं हाय."

फुलचंद मटकन गाठोड्यावर बसला. "करोडोनं पेश्या! अन् वकील एक बी नाही!"

मागून उतरलेल्या नंदाबाईच्या ध्यानात सगळा प्रकार आला. क्षणभर तिला वाटलं, गप्प राहावं, बाभूळ तर मिळते आहे. पण फुलचंदचा चेहरा तिला पाहवेना. "भाऊजी, कोर्ट नाही न् काही नाही. यायले साखर झाली."

फुलचंद इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसत म्हणाला, "दादा, मले बी लय तहान लागते. दोन साल झाले. कोणाले सांगू?"

पुढच्या सोमवारी दोघं दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. फुलचंदचा रिपोर्ट आला. साखर अगदी बरोबर होती.

"तुम्हाला काही झालेलं नाही. पथ्य नाही, गोळ्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

फुलचंद हिरमुसला. धावजी तर त्याहून.

"मॅडम," धावजी हळूच म्हणाला, "याले बी काहीतरी लिहून द्या ना. एकट्यानं फिराले मले करमत नाही."

डॉक्टरनी दोघांकडे पाहिलं, पेन उघडलं आणि फुलचंदच्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'रोज सकाळी अर्धा तास चालणे. धावजीसोबत.'