पूजेचा फुटबॉल

अफजल सरांनी शिट्टी फुंकली, फुटबॉल पहिलीतल्या प्रणयच्या पायापुढे ठेवला आणि म्हणाले, "हां, मार."

प्रणय दोन पावलं मागे सरकला. त्याच्यामागची वीस पोरंही दोन पावलं मागे सरकली.

"अरे मार ना पायानं!"

"नाय सर. पाप लागंल."

अफजल सर चक्रावले. शहरातल्या आमखास मैदानावर पंधरा वर्षं खेळलेला माणूस. चेंडू नाल्यात गेला, काट्यावर फुटला, कुत्र्याने पळवला, सगळं पाहिलं होतं. पण लाथ मारली की पाप लागतं हे त्यांनी प्रथमच ऐकलं.

खुलासा छोट्या महेजबीनने केला. "सर, काल मोठ्या बाईंनी बॉलची पूजा केली ना. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आन् म्हनल्या, ह्याला कुनी पाय लावायचा नाय."

मुख्याध्यापिका सुलेखाबाई दरवर्षी वह्या-पुस्तकांची पूजा करून हेच वाक्य बोलत. सवयीने फुटबॉललाही बोलून गेल्या होत्या. अफजल सर त्यांच्या खोलीत धावले.

"मॅडम, तेवढं पोरांना सांगा, पाय लावला तर चालतंय."

"साऱ्या शाळेसमोर बोललेय मी, सर. आता शब्द फिरवू? काढा तुम्हीच काहीतरी मार्ग. शनिवारी करमाडच्या शाळेशी सामना आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! सर महिनाभराच्या बोलीवर आले होते. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे शनिवारीच ठरणार होतं. घरी मात्र त्यांनी नोकरी पक्की झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं.

मार्ग शेवटी प्रणयनेच काढला. "सर, आमची मम्मी म्हनती, पाय लागला का पाया पडायचं. मंग काय होत नाय."

"तो पडा ना बाबा! किसने रोका?"

पोरं खूश. एकाने लाथ मारली, मग धावत जाऊन चेंडू दोन्ही हातांनी अडवला, कपाळाला लावला आणि पुन्हा लाथ मारली.

"हात नाय लावायचा बॉलला!" सर ओरडले.

प्रणय रडकुंडीला आला. "पाय लावायचा नाय, हात लावायचा नाय, मंग खेळायचं कशानं?"

सरांना क्षणभर स्वतःलाच आठवेना. अखेर तडजोड झाली: लाथ मारायची आणि लांबूनच नमस्कार करायचा.

शनिवारी पहिली पाच मिनिटं झकास गेली. लाथ, नमस्कार, पळ. लाथ, नमस्कार, पळ. पण पुढे पाय एकमेकांना लागू लागले. पाय लागला की सरांची पोरं थांबत आणि करमाडच्या पोराच्या पाया पडत. करमाडची पोरंही काही कमी संस्कारांची नव्हती. तीही वाकू लागली. मैदानभर जिकडे तिकडे वाकलेल्या पाठी पाहून पंचाला वाटलं, खेळ संपून निरोप चाललाय. त्याने दोनदा शिट्टी फुंकली आणि दोनदा माफी मागितली.

शेवटचं मिनिट. प्रणय एकटाच गोलासमोर. करमाडचा गोलरक्षक घसरून पडलेला. सर बाहेरून जीव तोडून ओरडले, "मार! मार रे!" प्रणयने पाय उचलला, तो गोलरक्षकाच्या खांद्याला निसटता लागला. प्रणय थांबला. वाकला. गोलरक्षक पडल्या पडल्या म्हणाला, "असू दे, असू दे." तोवर चेंडू आपला आपण बाहेर गेला.

शून्य-शून्य. सरांनी जाळीत चेंडू भरले. घरी सांगायला एखादं कारण ते मनात जुळवू लागले. एवढ्यात बोलावणं आलं.

सुलेखाबाईंसमोर करमाडचे मुख्याध्यापक अप्पाराव बसले होते, डोळे पुसत. "तीस वर्षांच्या नोकरीत असले पोरं बघितले नाय, सर," ते म्हणाले.

"सर, तुम्ही आजपासून कायम," सुलेखाबाई म्हणाल्या.

सरांनी दोन्ही हात जोडले. "शुक्रिया, मॅडम! लई मेहेरबानी!"

"सोमवारपासून मूल्यशिक्षणाचे सगळे तास तुमच्याकडे. पहिली ते सातवी."

"आन् फुटबॉल?"

"तो संगीताच्या बाई बघतील. लाथा मारायला काय शिकवावं लागतं, सर?"