सुपारीवर चालणारा क्लाउड

या मायबाप, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो, मला अनुभव आहे. आज एका यंत्राची कथा सांगतो. माना डोलवाल, अशी आहे.

आकुर्डीच्या एका संशोधन संस्थेत चाळीस संगणक एकमेकांना जोडून एका खोलीत ठेवले होते. त्यांवर डॉक्टर सुखदाताई पवना नदीच्या पुराचं गणित मांडत होत्या: धरणातून पाणी सोडलं, तर काठच्या कुठल्या घरात किती चढेल. पावसाळा महिन्यावर आला होता आणि गणित अर्ध्यावर. तेवढ्यात परिपत्रक निघालं: यापुढे सर्व गणनकार्य क्लाउडवर, म्हणजे कुणाच्या तरी दूरच्या मोठ्या संगणकांवर, इंटरनेटमार्गे. ताई हरखल्या. महिन्याचं काम दोन दिवसांत होणार होतं.

स्टोअरकीपर अनंतरावांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या यंत्रसामानाची नोंदवही, उघडलं. "यंत्र कुठाय?"

"ते इथे येत नसतं, अनंतराव."

"मग नंबर कशावर रंगवू? हळदकुंकू कशाला वाहू? चाकणच्या कारखान्यांत साधं लेथ मशीनसुद्धा नारळाशिवाय फिरत नाही, ताई!"

समिती बसली. तिने शास्त्राधार काढला: पूजेत जो प्रत्यक्ष हजर नाही, त्याच्या जागी सुपारी मांडतात. ठराव झाला. सुपारीवर बारीक ब्रशने 'क्लाउड/१' रंगवलं, नारळ फुटला, आरती झाली. पेढा मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू?

आता एकाच कामाला दोन यंत्रं रजिस्टरात बसत नाहीत. म्हणून चाळीस संगणक बंद करून भंगारात काढले. ताईंचं अर्धं गणित त्यांच्याबरोबर गेलं.

"निदान पासवर्ड तरी द्या हो! मी माझ्या टेबलावरून काम करते."

"म्हणजे यंत्र खोलीबाहेर वापरणार. गेटपास लागेल."

"द्या मग."

"त्यावर यंत्रचालकाची सही लागते. ते पद अजून भरायचंय."

महिनाअखेर अहवाल गेला: 'यंत्र सुस्थितीत. आवाज नाही. तापत नाही. वीजवापर शून्य.' ऊर्जाबचतीचं पारितोषिक मिळालं. इतर संस्थांची माणसं पाहायला आली, चपला बाहेर काढून. सुपारीत देव असतो, मी हात जोडून मानतो. पण संगणक नसतो, हे म्हणायला एकही जीभ उचलली नाही.

ताईंनी मग जेवढं गणित पाठ होतं तेवढं घेतलं आणि चिंचवडच्या नदीकाठी पायी फिरू लागल्या. दार वाजवायच्या, सांगायच्या, "तळमजला रिकामा करा."

काल त्या तुमच्याच सोसायटीच्या गेटवर होत्या. वॉचमनने फोन केला, "सायेब, एक बाई म्हनत्यात, पानी येनार हाय. सोडू का आत?"

तुम्ही म्हणालात, "लेटरहेडवर आणायला सांग."

बरोबरच आहे. नियम म्हणजे नियम.

आता उठण्याआधी एवढंच मागतो, मायबाप: त्या सुखदाताईंची आठवण ठेवा. पाणी कुठवर येईल, ते त्या वॉचमनला हाताने दाखवत होत्या. हात त्यांच्या डोक्याच्याही वर होता.