अविनाशचे जर्मन साहेब

आमच्या भाडेकरूला चहा उभ्यानेच लागतो. कप हातात घेऊन तो हॉलभर फिरतो आणि मला बातमी देतो, "काकू, आज ते उपमंत्री झाले."

सुरुवातीला मला वाटलं, त्याचे सासरे असतील. नाहीतर एवढं 'ते आले, ते म्हणाले' कोण करतं? मी विचारलंही, "झेपतं का त्यांना या वयात?"

"काकू, ते कधीच वारले. जर्मनीत."

अविनाश इथे परदेशात युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटची एक खोली त्याच्याकडे आहे. जर्मनीत हुकूमशाही होती तेव्हा एका बारक्या गावचा नगराध्यक्ष वर कसा चढला, यावर त्याचं पुस्तक चाललंय. मी चौथी शिकलेली. मेलेल्या माणसाच्या मागे फिरायचा पगार मिळतो, हेच मला नवल. पण शेवटचं प्रकरण अडलं होतं. महिनाअखेरीला ते दिलं नाही तर नोकरी जाणार, इथे राहायचा पास जाणार आणि हा गाशा गुंडाळून मायदेशी.

मग फिरणं आणखी वाढलं. पोळीसुद्धा गुंडाळी करून चालता चालता खायचा. खालची चिनी बाई वर आली. "आंटी, युवर टेनंट होल डे वॉक वॉक, लाह."

"जर्मन," मी म्हटलं. मला तेवढंच सांगता आलं. ती आत डोकावून जर्मन शोधत बसली.

एकदा मेथी निवडताना मी विचारलं, "केलं काय एवढं तुझ्या साहेबांनी?"

"पूल बांधला, झाडं लावली. मग गावातल्या ज्यू लोकांना बाहेर काढायच्या हुकमावर सही केली. ती माणसं परत आली नाहीत."

"आणि त्याला तू अहोजाहो करतोस? 'तो' म्हण."

"तोंडातून निघत नाही."

"एकदा म्हणून तर बघ."

नव्या नवरीला नाव घ्यायला बसवावं तसा लाल झाला. "तो… त्यांनी…"

"पुस्तक इंग्रजीत ना? तिथे कुठे अडतं?"

"इंग्रजीत लहानमोठे सगळेच 'ही'. डोक्यात मात्र 'ते' येतात." खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आमचे बाबाही नगराध्यक्ष होते. बाजारामागची वस्ती त्यांच्या सहीने उठली. माझा मित्र राहायचा तिथे. का केलंत, असं मी विचारलंच नाही. बोलणंच सोडलं."

"बाबा आहेत का?"

"आहेत. एकटेच असतात."

"मग जिवंत माणसाला विचारायचं सोडून मेलेल्याला काय छळतोस? फोन कर."

वाटलं, चिडेल. पण तो फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. दार उघडंच होतं. "बाबा, मी अवी," एवढं ऐकू आलं. पुढे काहीच नाही. मी मेथी धुवायला नळ सोडला.

बऱ्याच वेळाने मी डोकावले. फोन कानालाच होता. पलीकडूनही कोणी ठेवला नव्हता.

आवाज नको म्हणून मी स्वयंपाकघरातला नळ बंद केला.