भांडं माझ्या हातात, आण्णा रिक्षात

स्वयंपाकात अवघड काय असतं, हे मला आजवर कळलेलं नाही! बटण दाबायचं, थांबायचं, खायचं! तीस वर्षं कचेरीत फायली हलवणाऱ्या माणसाला चार टिक्क्या हलवता येणार नाहीत?

लीलाला, म्हणजे आमच्या सौंना, मी हे तोंडावर सांगितलं. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं. त्यात तिचे थोरले भाऊ आण्णा अकलूजहून बहिणीचा हात बघायला यायचे होते. तीन वर्षांनी! आमच्या लेकीच्या, ओवीच्या लग्नात फेटे कमी पडले आणि नेमके आण्णाच बोडके राहिले. तेव्हापासून बोलणं बंद.

"अवो, साधे पोहे करा की," लीला म्हणाली.

"पोहे? ओवीनं पुण्याहून एअर फ्रायर पाठवलाय तो काय आरती ओवाळायला? हॅश ब्राउन करतो. बटाट्याच्या टिक्क्याच असतात, पण साहेबी! तेलाचा थेंब नाही!"

सकाळी आठ वाजता आण्णा येणार. पावणेआठला मी फ्रीजरमधल्या दगडासारख्या आठ टिक्क्या काढल्या आणि फ्रायरच्या भांड्यात एकावर एक रचल्या. पाकिटावर 'एकच थर लावा' असं छापलं होतं. ते नवशिक्यांसाठी असावं!

मशीन घोंघावू लागलं. मला काही चैन पडेना. दर मिनिटाला भांडं बाहेर ओढून बघत होतो. वरच्या दोन काळ्या पडायला लागलेल्या, खालच्या सहा अजून हिमालयात! मी आच वाढवली. घड्याळ बघितलं. परत भांडं ओढलं.

इतक्यात नळाला पाणी आलं. चार दिवसांनी आलेलं पाणी! लीलानं डाव्या हातानं मोटारीचं बटण दाबलं आणि... खट्! मेन स्विच पडला. घर गप्प.

मी स्विच वर केला. खट्! पुन्हा केला. खट्! माझा पारा चढला.

"आत्ताच कशाला तडमडलं हे?" मी बोंबललो. "चार दिवस पत्ता नाही आणि आज नेमकं हजर! बंद कर, बंद कर आधी!"

मी पाण्याला बोलत होतो हो! मोटार बंद कर म्हणत होतो!

तेवढ्यात शेजारच्या झीनतभाभी मागच्या दारानं धावत आल्या. "गंगाधरभाऊ, पाहुण्यांना काय बोललात? दारात उभे होते, बेल दाबून दाबून दमले. तुमचा आवाज ऐकला आणि पिशवी उचलून निघाले की!"

वीज नाही तर बेल कुठली वाजणार! लीलाचे डोळे भरून आले. "तीन वर्षांनी आला होता माझा भाऊ..."

मी तसाच पळालो. कमरेला लीलाचा एप्रन, पायात एक माझी आणि एक तिची चप्पल, हातात फ्रायरचं भांडं. ते खाली ठेवायचं सुचलंच नाही! आमची अख्खी पेठ घागरी सोडून माझ्याकडे बघत होती.

कोपऱ्यावर आण्णा रिक्षात बसत होते.

"आण्णा, थांबा! मी पाण्याला बोललो!"

"दाजी, मी काय येडा हाय व्हय? पाण्याला कोण असं बोलतंय?"

"लाइट गेली होती! हे बघा," मी भांडं पुढं केलं, "खोटं वाटत असेल तर हात लावून बघा!"

आण्णांनी एक टिक्की उचलली. उलटली. दाबली.

"वरनं जळलीया, आतनं बरफ," ते म्हणाले. "दाजी, तुमच्यासारखीच हाय ही!"

रिक्षावाला खदाखदा हसला. मला हसू येईना.

"आण्णा, फेट्याचं चुकलंच माझं. तेव्हाच यायला पाहिजे होतं तुमच्याकडं. लीला रडत बसलीय. चला."

आण्णांनी हातातली टिक्की भांड्यात परत टाकली. मग पिशवी घेऊन खाली उतरले. "लई दुखतंय का तिचा हात?"

घरी बहीणभाऊ बाहेरच्या खोलीत एकमेकांकडे बघून डोळे पुसत बसले. मी हळूच आत गेलो. लीलानं मोटार बंद करून वीज परत आणली होती. पण भांडं माझ्याबरोबर गावभर फिरत असल्यानं मशीन निरुपयोगी! म्हणून झीनतभाभींनी पाकिटातल्या उरलेल्या टिक्क्या कढईभर तेलात खरपूस तळून, कागदावर टिपून, ताटलीत मांडून ठेवल्या होत्या.

"सांगू नका," त्या कुजबुजल्या आणि मागच्या दारानं पसार झाल्या.

मी ताटली बाहेर नेल्यावर लीलानं 'मशीनमधल्या, बिनतेलाच्या' असं कौतुकानं सांगितलं. आण्णांनी सहा खाल्ल्या. बोटं चाटली. "तेल न्हाय म्हणता? कमाल हाय मशीनची! दाजी, असलंच रोज करा. लीलीचं प्लास्टर निघंस्तवर मी हितंच राहतो."

लीला इतकी खूश झाली की मी तोंड उघडलंच नाही.

आज बारावा दिवस. रोज सकाळी सात वाजता मी पिशवीत टिक्क्यांचं पाकीट घालून झीनतभाभींच्या दारात उभा असतो. मशीन मात्र घरी रिकामंच चालू ठेवून जातो. आण्णांना आवाज तर यायला पाहिजे ना!